बेबीआक्काची साळिंदरं

धागा कापायला बसलं की मान वर करता येत नाही. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून साडी उतरते तेव्हा तिच्या उलट्या बाजूला दोरेच दोरे लोंबत असतात. ते छोट्या कटरनं एकेक कापायचे आणि कापडाला धक्का लागू द्यायचा नाही. नजर हलली की साडी गेली. पांडेसऱ्यात, मिलच्या वस्तीत, आमच्या ओळीतल्या बायका दुपारी हेच करतात. घरातलं आवरलं, पाणी भरलं, गठ्ठा ओट्यावर आणला की संध्याकाळपर्यंत खाली मान. मानेचं दुखणं आता कोणी कोणाला सांगतही नाही.

बेबीआक्काची खोली माझ्या खोलीला लागून होती. आता तिथे दुसरे लोक राहायला आलेत. आज त्यांच्या पोरांनी मोबाईलवर कार्टून लावलं होतं, चांगलं मोठ्यानं. मी धागे कापता कापता वाट बघत राहिले, की आता कोणीतरी म्हणेल, "थांबा वं, आते बाप शिंकनार शे." कोणी म्हणालं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

बेबी हे तिचं खरं नाव. साठीला आलेली बाई, अंगानं एवढीशी, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथे साडीचाच दोरा बांधलेला. कोणी नावावरून हसलं की म्हणायची, "मी सगळास्मा शेवटनी. बापकडे नावच उरेल नव्हतं." मूळची शिरपूरकडची. नवरा नथ्थूभाऊ डाइंग मिलमध्ये. सगळी उमर रंगाच्या वाफेत गेलेली, नखांच्या कडा कधी निळ्या, कधी लाल. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रातपाळी. रातपाळी असली की ते दुपारी खोलीत झोपायचे, आणि आम्ही बाहेर ओट्यावर. मध्ये फक्त पडदा.

आक्काकडे एक जुना मोबाईल होता. त्यात एकच पिक्चर होता, साळिंदरांचा. कार्टूनचा, हिंदीत. मोबाईल एकदा बादलीत पडला होता, तेव्हापासून त्याचा आवाज गेलेला. इअरफोन लावला तर एका बाजूनं ऐकू यायचं. आक्का एका कानातलं कुडूक काढून ठेवायची, त्या कानात इअरफोन घालायची, मोबाईल चहाच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि चालू. तिच्या वाट्याच्या साड्या आम्ही आपसात घ्यायचो, कारण तिचं काम वेगळं होतं. ती बघायची आणि आम्हाला सांगायची. आमच्या माना खाली त्या खालीच.

असं कोणी ठरवलं नव्हतं. एका दुपारी ती एकटीच मोबाईल बघून हसत होती, आणि शेवटच्या खोलीतली संगीता चिडून म्हणाली, "एकटी काय हसतेस आक्का, आम्हाला पण सांग ना." तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी संगीताच म्हणाली, पुढे सांग.

पिक्चर असा. डोंगराखाली साळिंदरांचं एक घर असतं. बाप, आई, म्हातारी आजी आणि एक लहान पोर. रस्त्याच्या कामाला मशीन येतात आणि त्यांचं बीळ उकरून टाकतात. मग सगळे डोंगरापलीकडच्या जंगलात राहायला जागा शोधत निघतात. वाटेत काय काय होतं. बाप शिंकला की त्याचे काटे उडतात आणि झाडाला, दगडाला, एकदा तर एका हत्तीला जाऊन लागतात. एकदा बापाच्या पाठीवर भोपळा रुततो. त्याला माहीतच नसतं. दिवसभर त्याला वाटतं, कोणीतरी आपल्या मागे लागलंय. पळतो, लपतो, मागे वळून धमक्या देतो. आजी एका कासवावर बसून सगळ्यांना घाई करत असते.

हे सगळं आक्का अहिराणीत सांगायची. आणि ती माणसं आमच्याच ओळीत राहत असावीत अशी बोलायची. आजी कासवाला म्हणायची, "चाल रे भो लवकर, मिलना भोंगा व्हई जाई." आई बापाला म्हणायची, "तुम्ही फक्त शिंका. बाकी घर मी पाही लेस." ओळीतल्याच कलाबाईला हसताना ठसका लागायचा. ती कटर खाली ठेवून डोळे पुसायची, आणि आक्का तिला रागवायची, "हात चालू ठेव वं माय. हसाले हात लागतस का?"

हे तिचं नेहमीचं वाक्य. घरी कोणाचं काहीही झालेलं असो, नवऱ्याचा मार, पोराचा ताप, नळाला पाणी नाही, तिच्या ओट्यावर येऊन बसलं की ती एवढंच म्हणायची. हसाले हात लागतस का? आम्ही हसायचो आणि हातही चालायचे. दुपार त्यातल्या त्यात लवकर सरायची.

तिनं आणलेलं आणखी एक बोलणं आमच्या ओळीत पसरलं. पिक्चरमध्ये साळिंदरांना एकमेकांना जवळ घ्यायचं असलं की आधी काटे खाली पाडावे लागतात, नाहीतर टोचतात. आई तसं सांगते आणि मग पोर जवळ येते. आक्का म्हणायची, "काटा पाडा." पुढे आमच्याकडे कोणाच्या घरात भांडण वाढलं, की शेजारची बाई भिंतीवर थाप मारून ओरडायची, "काटा पाडा वं!" भांडणारा नवरासुद्धा कधीकधी हसायचा. नेहमी नाही.

पिक्चर मात्र कधी संपायचा नाही. डोंगराच्या पलीकडे नदी येते. बाप पोरीवर चिडतो, तिला बोलतो, ती रुसून पुढे पळत जाते. तेवढ्यात नदीला पाणी चढतं. पोर पलीकडच्या काठावर, बाकीचे अलीकडे. बापाला पोहता येत नाही. इथे आक्का इअरफोन काढायची, कुडूक परत कानात घालायची आणि म्हणायची, "बस. आजना तेवढाच." दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला वाटायचं, मोबाईलमध्ये तेवढाच आहे.

याच नदीपाशी एकदा घोटाळा झाला. आक्का त्या दिवशी फार रंगात आली होती. पाणी चढतंय, पोर ओरडतेय, बाप काठावर गोल गोल फिरतोय. कलाबाईच्या हातातल्या साडीवर मोराचं काम होतं. तिनं दोरा सोडून मोराची मानच कापली. चांगला बोटभर काप. कलाबाई रडायलाच लागली. गठ्ठे आणून देणारे महेशभाई संध्याकाळी आले आणि साडी उजेडात धरून त्यांनी विचारलं, "आ कोणे कर्यु?"

आक्का पुढे झाली. "साळिंदरनी खादं."

"शुं?"

"शाहुडी, शाहुडी," संगीतानं गुजरातीत सांगितलं, आणि तिला हसू आवरेना. महेशभाईंना आधी राग आला. मग आक्कानं त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला, डब्याला मोबाईल टेकवला आणि भोपळ्याची गोष्ट दाखवली. जाड अंगाचा माणूस, पोट हलवून हसला. साडी तशीच घेऊन गेले. जाताना म्हणाले, "काकी, हवे शाहुडीने घरमां बांधी राखजो." पुढे ते गठ्ठा टाकायला आले की आधी विचारायचे, शाहुडी केम छे?

संगीताला मात्र शेवटाची खाज होती. ती दहावी झालेली, तिचा मोबाईल नवा. तिनं तोच पिक्चर कुठूनतरी शोधून आणला. एका दुपारी आक्का पाणी भरायला गेली होती, तेव्हा म्हणाली, "मी काल बघायला बसले. नदीपर्यंत बघितला. तुम्हाला खोटं वाटेल, त्यात आक्काचं अर्धं काही नाहीच. आजी काहीच बोलत नाही. ती नुसती घोरते. आणि बाप पोरीला बोलतच नाही! पोर फुलपाखरामागे पळते आणि लांब जाते. बाप बिचारा झोपलेला असतो."

तिनं थोडा लावून दाखवला. रंग छान होते, गाणं छान होतं. पण आम्हाला कोणालाच हसू आलं नाही. ती हिंदी बोलणारी साळिंदरं आमच्या ओळखीची नव्हती. कलाबाई म्हणाली, "बंद कर वं, ह्या कोण शेत?"

तेवढ्यात आक्का हंडा घेऊन आली. संगीता म्हणाली, "आक्का, शेवट बघायचा का? माझ्याकडे पूर्ण आहे."

आक्कानं हंडा उतरवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं संगीताच्या मोबाईलवर हात ठेवला आणि म्हणाली, "नको वं माय. मन्हाकडे पन पूर्ण शे."

मग तिनं जे सांगितलं ते थोडंच सांगितलं. बाकीचं आम्हाला आधीपासून माहीत होतं, कारण भिंती पातळ आहेत.

तिचा मुलगा गणेश. नथ्थूभाऊंनी त्याला आपल्याच मिलमध्ये चिकटवला होता, तिथल्या मास्तरच्या हातापाया पडून. गणेशला वाफेचा खोकला लागला. त्यानं बापाला न विचारता काम सोडलं आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इच्छापोरच्या एका कारखान्यात ठेक्यावर लागला. नथ्थूभाऊंना ते फार लागलं. मास्तरला दिलेला शब्द गेला असं त्यांचं म्हणणं. "मन्हा शब्द एकच" हे त्यांचं ठरलेलं बोलणं, भाजीपासून लग्नापर्यंत. त्या दिवशी ते म्हणाले, "काम सोडनारा मन्हा घरमा राहावाव नही. मन्हा शब्द एकच." दुसऱ्या सकाळी गणेश बायकोपोरीला घेऊन गेला. हा मोबाईल त्याचाच. पोरीसाठी त्यानं त्यात साळिंदरं भरली होती, आणि जाताना मोबाईल आईला ठेवून गेला.

त्या पोरीचं नाव दिशा. तेव्हा पहिलीत होती. आदल्या संध्याकाळी आजी-नात पिक्चर बघत होत्या. नदीपर्यंत आल्या आणि आत बाप-लेकाचं सुरू झालं. पोर घाबरली. आक्कानं पिक्चर थांबवला आणि तिला म्हणाली, "राहू दे. बाकीना आपण दोन्ही मिळीसन देखू."

"मी तिले सांगेल शे," आक्का म्हणाली. एवढंच.

संगीतानं आपल्या मोबाईलमधून पिक्चर काढून टाकला. आमच्यासमोरच.

गणेशचा फोन यायचा. आक्का गल्लीच्या टोकाला जाऊन बोलायची. पण ती कधी इच्छापोरला गेली नाही, आणि त्याला ये म्हणाली नाही. आमच्याकडे असं आहे, ज्यानं घालवलं त्यानंच बोलवायला जावं लागतं. बाईनं मधून चोरून जाणं-येणं ठेवलं तर दोघांचाही मान जातो. म्हणून ती थांबली होती. भाऊंना मात्र तोंडावर ती कधी काही म्हणाली नसावी. निदान भिंतीतून कधी ऐकू आलं नाही.

ती त्यांना पिक्चरमधून सांगत होती. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. बापाच्या साळिंदराला तिनं "मन्हा शब्द एकच" बोलायला लावलं होतं. भोपळा पाठीवर घेऊन तो पळायचा आणि झाडाला म्हणायचा, "बाजूले सरक, मन्हा शब्द एकच!" आम्ही हसून लोळायचो आणि पडद्यामागे भाऊ खोकायचे. झोपलेल्या माणसाचा तो खोकला नव्हता.

थंडीतली एक दुपार. भाऊंची रातपाळी होती. मिलच्या चिमण्यांची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होती, ती झटकत झटकत आम्ही काम करत होतो. आक्का त्या दिवशी थकलेली होती. डोळ्यांत पडदा येतोय असं दवाखान्यात सांगितलं होतं. मोबाईल ती डब्याला न टेकवता हातात धरून अगदी नाकाजवळ नेऊन बघत होती. भोपळा, हत्ती, सगळं भराभर उरकलं. नदीपाशी आली.

"पोर पल्याड उभी शे," ती म्हणाली. "वल्ली व्हयेल शे. थंडी वाजी ऱ्हायनी. आनि बाप अल्याड."

इथे ती इअरफोन काढायची. त्या दिवशी काढला नाही. मोबाईल मात्र मांडीवर पालथा ठेवला. आणि पुढे बोलायला लागली.

"माय त्याले म्हने, जा ना. तो म्हने, मी काबर जाऊ, ती पयनी. माय म्हने, ती लहानी शे, तुम्ही काटा फुगाडात म्हनीसन पयनी. तो म्हने, मन्हा शब्द एकच. माय म्हने, बरं, मंग बठा तो शब्द लीसन. तुम्ही म्हातारा व्हयनात, मी म्हातारी व्हयनू. माले आते पल्याडनी पोर नीट दिखत बी नही."

कोणी हसलं नाही. 

पडदा सरकला. नथ्थूभाऊ गंजीवर दारात उभे होते, डोळे लाल. आम्ही पदर सावरले. ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "मंग? तो बाप जास का नही?"

"बठेल शे अजून," आक्का म्हणाली.

"काबर?"

"त्याले पोहता येत नही. भ्याव लागस त्याले."

 भाऊ आत गेले. शर्टाची बटणं लावत बाहेर आले, चपला शोधल्या, ओट्यावरून खाली उतरले. आणि पाठमोरे राहूनच त्यांनी विचारलं, "कोठे ऱ्हास तो?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. आक्कानं मान वर केली नाही. "इच्छापोर. बस थांबस तठे टावर शे, त्यानी मांगनी गल्ली."

ते गेले. आक्कानं माझ्या मांडीवरची अर्धी साडी ओढून घेतली आणि धागे कापायला लागली. दिसत नव्हतं तरी.

पिक्चरमध्ये होतं तसं पुढे काही झालं नाही. भाऊ पाळीच्या आधी परत आले, जेवले, कामाला गेले. तिथे काय बोलणं झालं ते कोणालाच कळलं नाही. पण रविवारी सकाळी गल्लीच्या टोकाला एक मोटरसायकल थांबली. गणेशनं दिशाला उतरवलं आणि तो तिथूनच वळला. आत आला नाही.

पोरगी आता उंच झाली होती, दोन वेण्या, गुजराती शाळेत जाणारी. आजीशी बोलताना अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. आक्कानं दुपारी मोबाईल काढला आणि डब्याला टेकवला. दिशा म्हणाली, "दादी, ये तो छोटे बच्चों का है."

"तुले याद शे का? आपण देखत होतूत."

"मुझे याद नहीं," ती म्हणाली. खरंच आठवत नव्हतं.

 आक्कानं इअरफोन पुसला आणि पोरीच्या कानात घालून दिला. "मंग सांग माले. माले दिखत नही आते."

दिशा कंटाळून सांगायला लागली, एकेक शब्द. मग भोपळा आला आणि ती फसकन हसली. "दादी, इसके पीछे... अरे, उसको मालूमच नाही!" "नही का?" आक्का म्हणाली, जणू पहिल्यांदाच ऐकतेय. नदी जवळ आली तशी कलाबाईनं आपला गठ्ठा उचलला. मग संगीतानं, मग मी. कोणी कोणाला खुणावलं नाही. आम्ही ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो, जिथून ऐकू येत नाही. म्हणून तो शेवट मला आजही माहीत नाही. एवढं दिसलं की दिशा बोलतेय आणि आक्काचं तोंड मोबाईलकडे नाही, पोरीकडे आहे.

पुढे भाऊंना मिलनं घरी बसवलं आणि दोघं गावाला गेली. गेली तेव्हा मी काही कामासाठी बाहेर होते. निरोप झाला नाही, म्हणून मला आक्का आठवते ती त्याच रविवारच्या संध्याकाळची.

गणेश पोरीला न्यायला आला आणि पुन्हा टोकालाच थांबला, गाडीवर बसून, एक पाय जमिनीवर. आक्कानं दिशाला पाठवली. तिच्या मागे भाऊ निघाले, हात मागे बांधून, हळूहळू. आक्का माझ्याजवळ येऊन बसली. हातात साडी घेतली. तिला गल्लीचं टोक दिसत नव्हतं.

"काय करी ऱ्हायनात वं दोन्ही?" तिनं विचारलं.

मला चारचौघांत बोलता येत नाही. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसून नुसतं ऐकलं होतं. पण तिथे दुसरं कोणी नव्हतं.

"उभे आहेत," मी म्हणाले.

"बोलतस का?"

"नाही."

"मंग?"

"भाऊ गाडीकडे बघताहेत. गणेश खाली बघतोय."

"आनि?"

"भाऊंनी गाडीच्या आरशावरची राख पुसली. शर्टानं."

आक्काचं कटर थांबलं. मग तिनं हातानं चाचपून पुढचा दोरा धरला.

"सांगत ऱ्हाय," ती म्हणाली.